विकेटकीपरचं पाकीट

९ मे १९९६, गुरुवार. पेण.
मामीकडे. स्टँडजवळच्या दुकानात क्रिकेटच्या पत्त्यांची दोन पाकिटं घेतली. सीलबंद. दुकानदाराला खोक्याच्या तळातली काढायला लावली. वैतागला. वैतागू दे. दोन्हींत जुनेच पत्ते निघाले. सगळा संच झालाय, एकटा विकेटकीपर अडून बसलाय.
मामी म्हणाली, "सुटा घे की गो कुणाकडून." नाही म्हणजे नाही. माझा प्रत्येक पत्ता मी स्वतः फोडलेल्या पाकिटातला.
संध्याकाळी तिने विकायच्या पापडांच्या पिशव्या कापून सगळ्या पत्त्यांना कव्हरं केली. करवतीच्या दोन पात्यांत प्लास्टिक धरायचं, बाहेरची कड मेणबत्तीवरून सर्रकन न्यायची. कड गोल, गुळगुळीत. मामीच्या अख्ख्या रामवाडीत असं सील कुणाला जमत नाही. आमच्या रोह्यात कुणाच्या पत्त्यांचा असा थाट नसेल!

१४ मे, मंगळवार. घरी, रोह्याजवळ अष्टमी गावात.
समोरच्या संजूचा संच पूर्ण. आळीभर मिरवतोय. विकेटकीपर धाटावच्या कुणाकडून सुटा घेतलेला. म्हटलं, "हा काय पूर्ण?"
"मग तुझा व्हायचाच नाय!"
बघू. आई म्हणते हट्टी. आहेच.

२६ मे, रविवार.
मामी आली. पापड, आणि माझ्यासाठी एक पाकीट. "सीलबंद हाय, बघून घे."
बघितलं. खालची कड दातेरी, कंपनीची. वरची गोल, गुळगुळीत.
वरच्या कडेवरून अंगठा फिरवला. मामी घाम पुसायची सोडून माझ्याकडेच बघत होती. "फोड ना गो!"
फोडलं. विकेटकीपर! मामीच माझ्याआधी ओरडली, "आला गो, आला!" मी तिला मिठी मारली. ऐन पापडाच्या दिवसांत एका सुट्या पत्त्यासाठी ही बाई पेणभर फिरली असणार. माझी मामी! पत्त्यांचासुद्धा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

२७ मे, सोमवार.
संजू: "सीलबंद होतं?"
"होतं."
"शप्पथ?"
"शप्पथ." खोटं कुठे बोलले?
पण पत्ता अजून संचात लावलेला नाही. लावायचा? नियम माझाच. मामीला तर फोनवर आईने सांगूनही टाकलं, पोरीने पत्ता लावला, संच पूर्ण झाला म्हणून.
पाकीट काल खालून फोडलं, कंपनीच्या बाजूने. मामीचं सील तसंच आहे.