बेडरूममधला घाट

ती. भिकननाना यांस जळगावहून धाकट्या भावाचा, प्रेमराजचा, साष्टांग नमस्कार.

वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. इकडे ऊन सोडलं तर सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण आबा शेजारी बसून ऐकतात, म्हणून हे पत्र.

आमच्या बेडरूमच्या भिंतींवर आडवे पट्टे मारायचं मेघाच्या मनात आलं. निळा, पांढरा, निळा, पांढरा. (मोबाईलमध्ये कुणाच्या तरी घरी पाहिले. घर कुठल्या देशातलं ते तिने पाहिलं नाही.) रंगारी कशाला, आपणच मारू, असं मी म्हणालो आणि तिथेच फिसकटलं. चिकटपट्टी लावायची आणि मधे रंग भरायचा, एवढंच काम. पट्टे सरळ यावेत म्हणून मी फरशीपासून मोजून खुणा केल्या. फरशी गॅलरीकडे उतरती आहे हे रंग वाळल्यावर कळलं. चूक सुधारायची म्हणून दुसरी भिंत छतापासून मोजली, तर छताचा उतार उलट्या बाजूला निघाला. आता पट्टे एका भिंतीवर चढतात, कोपऱ्यात वळतात आणि दुसरीवरून उतरतात. पहिल्यांदा बघताना मेघाने कपाटाला धरलं होतं.

त्याच आठवड्यात आबा तुमच्याकडून आमच्याकडे आले. एसटीची ड्रायव्हरकी सुटल्यापासून ते कसे गप्प असतात हे तुम्हाला मी काय सांगावं. तुमच्याकडे ते 'हो' आणि 'नको' यापलीकडे बोलत नव्हते. वडिलांना हॉलमध्ये कसं झोपवायचं, म्हणून आम्ही त्यांना बेडरूम दिली. पलंगाच्या कडेला बसले, भिंतीकडे पाहिलं आणि उजवा पाय पुढे रेटून म्हणाले, "कोंडाईबारीना घाट लागना. गियर बदलनं पडी." मी हसलो. ते हसले नाहीत. उशी स्टिअरिंगसारखी धरून त्यांनी कोपऱ्यातलं वळण घेतलं.

तेव्हापासून आबा बोलतात. सकाळी चहा घेऊन गाडी सोडतात, दुपारी धाब्यावर (म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात) थांबतात आणि भाकरी मागून घेतात. शेजारच्या तानुबाई विचारपूस करायला आल्या, पलंगावर टेकल्या आणि जरा वेळाने उठू लागल्या. आबा म्हणाले, "घाटमा कोनलेच उतारतस नही." बाई बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या डबा आणि बहीण घेऊन आल्या. आता रोज गर्दी असते. समोरचे झुलाल तात्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. (तळमजल्यावर घर घेतल्याचा हा तोटा.)

मी आणि मेघा हॉलमध्ये झोपतो. परवा मी पांढरा रंग आणि रोलर घेऊन आत गेलो. आबांनी गाडी बाजूला घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "रस्ता बंद करी ऱ्हायना का तू?" मेघाने माझ्या हातातला रोलर घेतला आणि माळ्यावर टाकला. ती आता त्यांच्याच बाजूची आहे.

तरी नाना, घर म्हणजे घर. तुम्ही येऊन आबांना आठवडाभर तुमच्याकडे साक्रीला न्या, तेवढ्यात मी भिंती उरकतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
प्रेमराज

ता. क. : वरची विनंती रद्द समजा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आबांची हाक आली. कंडक्टरशिवाय एवढी माणसं नेणं नियमात बसत नाही म्हणाले. मी रजा टाकली आहे.

आणखी ता. क. : तुमच्या देवघरात जास्तीची घंटा असेल तर कुणाबरोबर तरी पाठवा. मी ताटलीवर चमचा वाजवतो, आबा त्यावर गाडी सोडत नाहीत.

शेवटचं : नाना स्वतःच घंटा घेऊन आले तर चालेल का, असं आबांना विचारलं. म्हणाले, येऊ दे, पण जागा नाही, उभ्याने यावं लागेल.