नव्या पाटीवरचं नाव

३ मार्च
पाटी बदलली! आणि मला सांगायला आला कोण, तर रंगारी. चाळीस वर्षं आमचे पडदे रंगवले त्याने. खुर्चीच्या कडेवर टेकला, खाली बघत म्हणाला, "दिलं ते रंगवलं मी. रागावू नका." थिएटरच्या दारावर आता 'संस्थापक' म्हणून काडीचं नाव. आडनावासकट, हातभर अक्षरात. "आणि माझं?" "नाहीये." चहा न घेताच गेला.

काडी! माझा चेला. पहिल्यांदा आला तेव्हा फुंकर मारली तर उडेल असा, म्हणून मीच हे नाव ठेवलं. आता पोट सुटलंय. डोक्यात हवा त्याहून जास्त गेलीय.

४ मार्च
दिवसभर खोलीतच पडून. ताईला पाटीचं अजून सांगितलेलं नाही.

५ मार्च
गेलो. गुडघा धरत, वाटेत दोनदा थांबून. दारावरचा पहारेकरी विचारतो, "कुणाला भेटायचंय आजोबा?" आजोबा! जिथे माझा तंबू होता त्याच जागेवर ही इमारत उभी आहे.

काडी उठून उभा राहिला, स्वतःची खुर्ची मला दिली. अदबीत पहिल्यापासून पटाईत.

"बापू, तुमची ती तंबूतली मंडळी. ही नोंदणी झालेली संस्था. ही मी उभी केली. कागद दाखवू?"

"आणि नाटकं? नाटकं कुणाची खेळतोस रे?"

"ते कोण विचारतंय? समोर उभा राहतो तोच लोकांना दिसतो. तुम्हीच म्हणायचात."

म्हणायचो. पण ते वेगळं! थोबाडीत खाल्ल्यासारखा परत आलो.

६ मार्च
बाजाराच्या मैदानात दोन गाड्या एकमेकींना बांधल्या, वर फळ्या टाकल्या आणि पहिला खेळ केला — मी. पडदा म्हणजे घरातली चादर. पहिल्या अंकात सात माणसं आणि एक कुत्रं. दुसऱ्या अंकाला अख्खा बाजार! म्हाताऱ्या राजाचं काम मी बत्तीस वर्षं केलं. कापसाची दाढी, पोटाला उशी. कुठेही गेलो तरी लोक 'राजा आला, राजा आला' म्हणायचे.

मग चालू खेळात फळी मोडली. गुडघा कामातून गेला. तरी सिंहासनावर बसून उरलेला अंक पुरा केला. कळांनी ओरडत होतो, लोकांना वाटलं राजाच ओरडतोय. काय टाळ्या! पुढच्या आठवड्यात मुकुट काडीच्या डोक्यावर. मीच ठेवला. गाढव मी!

८ मार्च
पेटीवाला रस्त्यात दिसला. मला बघून पलीकडे गेला. तीस वर्षं त्याच्या सुरात गायलो.

९ मार्च
शेवटी ताईपुढे सगळं ओकलो. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. लोकांचे कपडे शिवत माझ्याच घरी राहिली. वाटाणे सोलत ऐकून घेतलं.

"पेपरला पत्र पाठवायचं," मी म्हणालो. "कुणी काय केलं ते कळू दे जगाला. माझं अक्षर कुणाला लागत नाही, तू लिही."

"सगळं लिहू?"

"सगळं! दुसऱ्याच्या मेहनतीवर नाव कमावणाऱ्याला सोडायचं नसतं."

 तिने सालं गोळा केली, हात धुतले आणि कागद घेऊन बसली.

१० मार्च
पत्र झालं. काय भाषा! वाचता वाचता एका वाक्याशी अडलो — 'मंडळीची बावीसच्या बावीस नाटकं मी स्वतः लिहिली.'

बावीसच्या बावीस ताईची आहेत. शिलाई मशीनवर वही ठेवून लिहिलेली. पहिल्या जाहिरातीवर मी माझं नाव घातलं. ती बोलली नाही. मग मीही कधी बोललो नाही.

"बरोबर आहे ना?" तिने विचारलं. "आपण असंच सांगत आलोय."

पेन तिच्या हातात होतं. मागून घेतलं. खाली सही केली.