यादीत नसलेला प्रश्न

६ जानेवारी, मंगळवार

आणखी एक मिलमालक! चार वर्षांतला पाचवा. सोमवारी परसराम शेठ येणार. रस्त्यावरची ती मोठी राइस मिल त्यांची. कार्यक्रमाचं नाव 'उद्योजक आपल्या भेटीला'. प्राचार्यांनी बोलावून एक कागद हातात दिला. पाहुण्यांना विचारायचे प्रश्न — पाच! क्लार्कनं टाइप केलेले. 'आपल्या यशाचे रहस्य काय?' 'आजच्या तरुणांना काय संदेश द्याल?' कोणी कोणता वाचायचा तेही पुढे लिहिलेलं.

मी म्हटलं, सर, मुलांचे स्वतःचे काही प्रश्न असतील ना.

'चंदा मॅडम, पाहुण्यांचा वेळ अमूल्य असतो.'

आणि मुलांचा? बारावीचे हे ऐंशी जण. परीक्षा झाली की कोणी मिलमध्ये, कोणी नागपूरला, कोणी थेट हैदराबादच्या गाडीत. काम देणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा समोर येणार आणि त्याच्याकडे मागायचं काय, तर संदेश!

मी तासिकेवर इतिहास शिकवते. रोजगार मार्गदर्शन कक्ष कोणी घेईना म्हणून माझ्या गळ्यात आला. आला ना? मग चालवू तरी द्या!

९ जानेवारी, शुक्रवार

तो कागद वर्गात नेलाच नाही. मुलांना म्हटलं, समजा उद्या तुम्हाला त्याच मिलमध्ये कामाला जायचं आहे. जायच्या आधी काय माहीत पाहिजे? तेच विचारा. खरं विचारा.

आधी दहा मिनिटं नुसती पेनं चावली. मग थांबेनात! हिमांशू म्हणाला, 'मशीनवाले दुसऱ्या राज्यातून काऊन आणतेत? आमाले शिकवा ना!' विक्की म्हणाला, 'हात सापडला तं दवाखान्यात कोण नेते?' दोघं-तिघं हसले. विक्की नाही हसला. त्याच्या काकाची दोन बोटं नाहीत.

रुचिका बोलली नाही. खिडकीशी बसून वहीत काहीतरी लिहीत होती. विचारलं तर म्हणाली, 'त्या दिवशी विचारतो ना मॅडम.'

असा तास चार वर्षांत झाला नव्हता. घरी येताना स्कूटीवर गाणं गुणगुणत होते. मी!

१२ जानेवारी, सोमवार

लिहायला नको वाटतं आहे. पण लिहिते.

शेठजी पाऊण तास उशिरा आले. शाल, नारळ, फोटो. मग एक तास दहा मिनिटं भाषण — मेहनत, ईमानदारी, मोबाइल मत देखो. मुलं सतरंजीवर अवघडून गेली होती. प्रश्नांना पाच मिनिटं उरली. हिमांशूनं हात वर केला, प्राचार्यांनी दुसरीकडे बघितलं. तेवढ्यात रुचिका उभीच राहिली. माइक माझ्या हातात होता. मी तिच्यापुढे धरला.

'सर, मी बारावी झाल्यावर तुमच्याकडे काम मागाले आली, तं बायांसाठी संडास कुठं आहे?'



शेठजी हसले. 'बेटी, जगह की क्या कमी है? पीछे पूरा खेत पड़ा है!'

मुलं हसली. शिक्षकही हसले. मी पाहिलं कोण कोण हसलं ते.

रुचिका बसली नाही. 'मंग ऑफिसवाल्यांसाठी टाइल्सचा काऊन बांधला?'

प्राचार्य उठले. 'चहापानाची वेळ झालेली आहे.'

आणि मी? माइक हातात होता. चालू होता. एक वाक्य पुरलं असतं — 'सर, प्रश्नाचं उत्तर राहिलं.' नाही बोलले. माइक बंद करून टेबलावर ठेवला आणि समोसे मोजायला गेले.

१३ जानेवारी, मंगळवार

प्राचार्यांच्या खोलीत अर्धा तास. 'भर सभेत संडास! हेच शिकवता का मुलींना? त्या मुलीकडून माफीपत्र आणा, शेठजींना पाठवायचं आहे.'

मी म्हटलं, सर, तिनं शिवी नाही दिली. सोय विचारली.

'हे विचारायची ती जागा होती का?'

मग कोणती जागा? मालकाला विचारायचं नाही, मुकादमाला विचारायची हिंमत नाही, घरी विचारावं तर घरचे म्हणतील शिकतेस ते सोड. कुठं विचारायचं? 'रोजगार मार्गदर्शन कक्ष' अशी पाटी दारावर लावली आहे ना तुम्ही!

हे सगळं इथं लिहिते आहे. तिथं 'बरं सर' म्हणून बाहेर आले.

१४ जानेवारी, बुधवार

स्टाफरूममध्ये तिळगूळ वाटला. गोड बोला म्हणे! आज नाही जमणार.

१६ जानेवारी, शुक्रवार

रुचिका दोन दिवस आली नाही. आज हिमांशूनं सांगितलं. तिची आई, वच्छलाबाई, त्याच मिलमध्ये पोती शिवते, सांडलेली कनकी, तांदळाचा चुरा, झाडते. अकरा वर्षांपासून. बुधवारी मुकादमानं फाटकावरच अडवलं — 'तुही पोरगी लय शिकली म्हणते. जा, आता तिचीच कमाई खा.'

काढून टाकलं! सतरा वर्षांच्या मुलीनं एक प्रश्न विचारला म्हणून तिच्या आईला!

आणि 'खरं विचारा' कोण म्हणालं होतं? मी.

१७ जानेवारी, शनिवार

त्यांच्या घरी गेले. वच्छलाबाई अंगणात तूर झोडपत होत्या. मला पाहून थांबल्या नाहीत. रुचिकानं पाट दिला. मी म्हटलं, बाई, माझी चूक झाली.

'चूक कायची? पोरगी खरं बोलली.' काठी चालूच. 'मी कामावर गेली का पाणीच पेत नाही, मॅडम. सकाळपासून संध्याकाळलोक. उन्हाळ्यात डोकं फिरते. डॉक्टर म्हणते पाणी पे. आता कुठून पेऊ?'



मग त्यांनी काठी खाली ठेवली. सरळ माझ्याकडे पाहिलं.

'तुम्ही तिले खरं बोल म्हणून सांगितलं. ती बोलली. मंग तुम्ही काऊन चूप राहिल्या?'

 

निघताना रुचिकानं दुमडलेला कागद दिला. माफीपत्र. अक्षर नेहमीसारखंच सुंदर. 'मी उद्धटपणे बोलले, मला क्षमा करावी.' म्हटलं, तुला पटतं का हे?

'नाई पटत. आईसाठी लिहिलं.'

१९ जानेवारी, सोमवार

मिलमध्ये गेले. रजा टाकून, कोणाला न सांगता. माफीपत्र पर्समध्ये होतं.

शेठजींनी चहा मागवला. वच्छलाबाईंचं नाव काढलं तर म्हणाले, 'मैडम, मैंने किसी को नहीं निकाला. लेबर मुकादम देखता है.' बरं आहे हे! भाषणात मालक, काढताना मुकादम!

मी म्हटलं, मुलीच्या प्रश्नाचं उत्तर घ्यायला आले आहे. त्या दिवशी राहिलं.

चिडले. मग थोडं थांबून म्हणाले, 'आपका कॉलेज मुझे बुलाता है, शॉल देता है, फोटो खिंचवाता है. मिल के बारे में आज तक किसी ने पूछा क्या? पहली बार किसी ने पूछा — और वो भी लैट्रिन!'

खरं आहे ते. चार वर्षं मीच बोलावते आहे या लोकांना. कधी म्हटलं नाही की तुमची मिल दाखवा, मुलांना काम काय असतं ते दिसू द्या. आमच्या मुलांना त्यांनी पाहिलं ते टाळ्या वाजवताना.

म्हटलं, मागचा भाग बघायचा आहे. तुम्हीही चला.

घड्याळ पाहिलं त्यांनी. 'आप देख आइए.'

एकटीच गेले. मिलच्या मागे भुशाचा ढीग, त्याच्या आड शेताचा बांध. तिथं दोघी लुगडं ताणून उभ्या होत्या, मागे तिसरी बसलेली. त्यांतली एक, नंदाबाई, मला बघून लाजली नाही. रागावली. 'पाहाले आल्या का? पाहा. पाळीपाळीनं धरतो आम्ही. पावसात साप निंगते.' मग विचारलं, 'तुम्ही वच्छलाच्या पोरीच्या मॅडम का?'

हो म्हटलं.

'मंग तिच्या मायले कामावर आणा. आम्ही नऊ जणी आहोत म्हणा.'

शेठजींना तसंच सांगितलं, तिचेच शब्द. 'देखते हैं,' म्हणाले.

माफीपत्र दिलं नाही. घरी येऊन फाडलं. रुचिकाला सांगायचं आहे अजून.

२० जानेवारी, मंगळवार

'मॅडम, तुम्ही परस्पर मिलमध्ये गेलात?' शेठजींचा फोन आला होता म्हणे. एक फेब्रुवारीपासून माझे तास दुसऱ्याला. कक्षही. पत्र नाही, तोंडी. तासिकेवरच्या बाईला पत्र कशाला लागतं!

'बरं सर' म्हटलं नाही. म्हटलं, 'सर, माफीपत्र मिळणार नाही.'

२३ जानेवारी, शुक्रवार

हिमांशू धावत आला. आज सकाळी मिलच्या फाटकाबाहेर नऊही जणी बसून राहिल्या. वच्छलाला आत घ्या, नाहीतर आम्ही नाही येत. आत तांदळाचे ट्रक भरायचे, पोती शिवायला कोणी नाही! अकरा वाजेपर्यंत मुकादम ओरडला, मग विनवण्या केल्या, मग वच्छलाबाईंना आणायला मोटरसायकल पाठवली.

मोटरसायकल!

संडासाचं मात्र 'मार्चनंतर पाहू'. म्हणजे सीझन संपल्यावर. बाया निम्म्या होतील तेव्हा! पुन्हा तेच 'देखते हैं'.

रुचिका वर्गात आली. माफीपत्र फाडल्याचं सांगितलं. हसली. 'मले वाटलंच होतं. मी दुसरं नसतंच लिहिलं.'

२७ जानेवारी, मंगळवार

नंदाबाई आज कॉलेजच्या फाटकावर! सोबत वच्छलाबाई आणि आणखी दोघी. मला वाटलं, काहीतरी बिघडलं.

'मॅडम, तुम्ही पोराइले शेठ दाखवता. काम तं आम्ही करतो. आमाले काऊन नाही बोलवत? शनिवारी मिल बंद राहते.'

चार वर्षं 'उद्योगजगताशी संवाद' असं फायलीत लिहिते आहे. उद्योगजगत रोज सकाळी डबा घेऊन माझ्या स्कूटीसमोरून जात होतं!

प्राचार्य म्हणाले, 'असा कार्यक्रम आपल्या यादीत बसत नाही.' म्हटलं, यादी एक तारखेपासून तुमची. ३१ पर्यंत माझी.

३१ जानेवारी, शनिवार

शाल नाही, हार नाही. विक्कीनं बोटांचं विचारलं, हिमांशूनं मशीनचं. नंदाबाई उत्तरं देत होत्या — काय शिकून या, कुठं हात घालू नका, पहिल्याच दिवशी कोणती गोष्ट मागून घ्या. मुलं लिहून घेत होती. सांगितलं नव्हतं मी.

अर्ध्यात मागचं दार वाजलं. परसराम शेठ. एकटेच. कोणी बोलावलं नव्हतं. प्राचार्य पुढची खुर्ची ओढायला धावले. शेठजींनी हातानंच नको म्हटलं आणि मुलांच्या मागे सतरंजीवर बसले.

नंदाबाई क्षणभर थांबल्या. मग जिथं थांबल्या होत्या तिथूनच पुढे बोलू लागल्या.