राजाची अडीच घरं

आबा, काल दुपारी एका अनोळखी माणसाने माझ्या खेळाबद्दल चार ओळी लिहिल्या. मी आता मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो. जेवण झालं की पडवीत बसायचं. समोर कोण आहे, कुठल्या देशातला आहे, काही कळत नाही. महिनाभर ज्याच्याशी खेळतोय त्याच्या नावापुढे नुसतं मांजराचं चित्र आहे. त्याचं इंग्रजी लेकीने वाचून सांगितलं. ती कॉलेजच्या सुट्टीत घरी आलीय. "बाबा, तो म्हणता, तुमी वजिराक वजीर देऊन मोकळे होतास. घाई करणास नाय, प्यादी एकेक घर सरकवतास. आणि शेवटाक तुमचो राजा पटाच्या मधी येऊन उभो रवता, तेव्हा तुमका हरवणा कठीण." मग हसून म्हणाली, "इचारता, तुमका कोणी शिकवल्यान?"

मी म्हटलं, "लिही, कोणी नाय." तिने लिहिलं. ते गेलंसुद्धा. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून इथे खरं लिहितो.

माझा म्हणून त्याने जो खेळ सांगितला तो सगळा तुमचा आहे. मी लहान असताना शाळा सुटल्यावर वर्ग झाडून तुम्ही यायचात आणि देवळाच्या सभामंडपात, कोळशाने आखलेल्या पटापुढे मला बसवायचात. देशी खेळ. प्यादं एकच घर चालणार. राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी. "वजिरान कोणय मात करता, प्याद्यान कर," हे तुमचं ठरलेलं. बाहेर हा खेळ वेगळ्या नियमांनी चालतो हे तुम्ही कधी सांगितलं नाही. कदाचित तुम्हालाही ठाऊक नसेल. ते मी केव्हाच सोडून दिलं.

सोडलं नाही ते मालवणचं. मी सातवीत, तालुक्याच्या स्पर्धेत. डाव अडला तेव्हा मी राजा उचलून अडीच घरांवर ठेवला. समोरच्या मुलाने हात वर केला. पंच म्हणून आलेले सर म्हणाले, "राजा घोडो कधी झालो रे?" सगळी खोली हसली. मला लाज वाटली नव्हती, आबा. मी ताठ मानेने सांगितलं, "माझ्या आबांनी शिकवलंय. ते दारात उभे आहेत, विचारा." सरांनी विचारलं. तुम्ही शाळेचे शिपाई, ते सर. तुमचे हात आपोआप जोडले गेले. "नाय ओ सर. ह्याच्या मनातलां कायतरी. माका त्यातलां काय कळता?"

स्टँडवर तुम्ही मला गुळाचं खाजं घेऊन दिलंत. ती पुडी मी एसटीत आपल्या गावी, मसुऱ्यापर्यंत मुठीत धरून होतो, उघडली नाही. उतरताना तुम्ही एवढंच म्हणालात, "हरलंस तां हरलंस. कारणां सांगा नको." त्यानंतर आपण पटाला बसलो नाही. तुम्ही बोलावलं नाही, मी आलो नाही. हरिनाम सप्त्याआधी देऊळ धुतलं तेव्हा कोळशाच्या रेघाही गेल्या.

मी देवाला मानतो. रोज दिवा लावतो, सगळ्यांसाठी गाऱ्हाणं घालतो. पितृपक्षात म्हाळाला तुमच्या नावाने जेवणाची वाडी ठेवतो आणि कावळा पहिल्या हाकेला शिवतो. शेजारी म्हणतात, म्हातारो सुखात आसा. मला राग येतो. पान ठेवून मागे सरताना दरवर्षी वाटतं, निदान थोडा वेळ अडून राहा. तुमचंही काही राहून गेलंय असं दाखवा. मला तेवढं पुरेल.

काल वाटलं होतं, "कोणी नाय" लिहिल्यावर मोकळं वाटेल. तुम्ही दारात उभं राहून मला नाकारलंत, मी पडवीत बसून तुम्हाला. काहीच वाटलं नाही. लगेच त्याच्याशी दुसरा डाव मांडला. तास-अर्ध्या तासाने डाव माझ्या हातात आला; या वेळी वजीर अजून पटावर होता, त्याची एक खेळी आणि मात. पण माझं एक प्यादं त्याच्या राजापासून दोन घरांवर होतं. मी ते एक घर सरकवलं. त्याने राजा हलवला. मी पुन्हा प्यादं धरून विचार करत बसलो, आणि माझी वेळ संपली.

लेक ओरडली, "बाबा, वजिरान मात होती मां! दिसाक नाय तुमका?"

"नाय गो, दिसाक नाय," मी म्हटलं.

दिसली होती, आबा.