जासईच्या हळदीची डिस्क

आये, तुझा आवाज मला आठवत नाही. बाकी सगळं आठवतं. पनवेलच्या बाजारात मासळीच्या पाटीमागे बसलीस की उजवा गुडघा वर घ्यायचीस ते, गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मान फिरवून शेजारणीशी बोलायला लागायचीस ते, तांदळाची भाकरी थापताना परातीला होणारा बांगड्यांचा आवाजसुद्धा. पण त्या बांगड्यांच्या वर तू काहीतरी बोलत असायचीस ना, तिथं सगळं कोरं आहे. शब्द आठवतात, ते बोलणारा आवाज नाही. तुला जाऊन पंधरा वर्षं झाली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि एरवी सांगितलंही नसतं. पण आपल्या बारक्याचं लग्न ठरलं.

तू गेलीस तेव्हा तो आठ वर्षांचा होता. आता बंदरात क्रेन चालवतो, दाढी ठेवतो, माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. दिवाळीनंतर एका दुपारी खारघरला माझ्या घरी आला, जेवला, आणि हात धुता धुता म्हणाला, "ताय, माझ्या हलदीला आयेचा धवला लावायचा. कुठं तरी असंल ना भरलेला?" मी म्हटलं, बघते. माझ्या नवऱ्याने भुवया उंचावल्या. त्याचं माहेर साताऱ्याकडचं म्हणावं तर पुरुषाला माहेर नसतं, पण तुला कळलं मला काय म्हणायचंय. त्याच्याकडे लग्न भटजी लावतात. लग्नाचे विधी धवल्यांतून, म्हणजे गाण्यांतून लावणारी धवलारीण म्हणजे काय, आणि आमच्या आईला हळदी-लग्नासाठी उरणपर्यंतची माणसं का न्यायला यायची, हे त्याला सांगता सांगता मलाच हुरूप आला. एवढ्या लग्नांत गायलीस, कुठं तरी असशीलच.

घरी मात्र नाहीस. आठवतं तुला, शेजारच्या मावशीकडून मी टेपरेकॉर्डर मागून आणला होता? तू चुलीपुढे बोंबील भाजत होतीस. मी बटण दाबलं आणि म्हटलं, गा. तू राखेचा हात सरळ त्या टेपवर ठेवलास. "लगीन नाय, कार्य नाय, कोनासाठी गाऊ? देवाला हाक मारायची न् तो आला की काय सांगायचं, पोरीला मशीन बघायचं व्हतं?" मी हिरमुसले. तू तव्यावरचा सगळ्यात जाडा बोंबील माझ्या ताटात टाकलास आणि विषय संपला. पाहा, वाक्य न् वाक्य पाठ आहे. पण आता लिहिताना ते माझ्याच आवाजात ऐकू येतंय.

मग लग्नांच्या डिस्क शोधायला लागले. जासईला एका घरी सापडली. त्यांच्या मोठ्या मुलाचं लग्न तू लावलं होतंस, तू जायच्या आदल्या वर्षी. डिस्क दोन होत्या. एक अंगणात सुकटीवर दोरीला टांगलेली, कावळ्यांना बुजवायला, उन्हाने पार काचेसारखी झालेली. दुसरी कपाटात शालूच्या घडीत होती. तिच्यावर बदामात नवरा-नवरीचा फोटो छापलेला कागद चिकटवलेला. ती नवरी आता तीन पोरांची आई आहे; तिने डिस्क पदराने पुसली आणि म्हणाली, "ने. आमी तर मशीन बिघडल्यापासून बघितलीच नाय."

माझा लॅपटॉप ऑफिसने मोडीत काढलेला. मी जासईलाच कंटेनरच्या गोदामात कागदपत्रं करते, तुला वाटायचं तशी साहेबीण नाही. त्यात डिस्क घातली तर आतलं चाक फिरायचं, थांबायचं, पुन्हा फिरायचं. सिनेमाची विकतची डिस्क चालायची, ही नाही. मैत्रिणीचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, तो नुसताच घरघरत राहिला. पनवेलला स्टँडसमोरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, लेन्स वीक झालीये. पण सीडी आता कोण बघतं? हा ड्राइव्ह काढून टाका, त्या जागी दुसरी हार्ड डिस्क बसवू, मशीन पळेल बघा." मी म्हटलं, मला पळवायचं नाही, मला वाचायचंय. तेव्हा तो म्हणाला, घरी भरलेल्या डिस्क जुने रायटर, म्हणजे डिस्क भरणारे ड्राइव्ह, जास्त नीट वाचतात, तसला मिळाला तर बघा.

मग मी अभ्यासाला लागले. प्रोसेसर कुठला, मेमरी किती, हे मला ठाऊक होतं. कॉम्प्युटरचा क्लास तूच लावला होतास. पहिल्या दिवशी माझ्याबरोबर आलीस, बाजारातून तशीच, आणि क्लासच्या सरांना दारातूनच म्हणालीस, "नुसतं टाईप करायला शिकवू नका. पेटीच्या आत काय हाय ते उघडून दाखवा पोरीला." पोरं नाकाला रुमाल लावून हसत होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. सरांनी मात्र खरंच झाकण उघडलं.

आणि तुझी लेक असून मी काय केलं? लॅपटॉपच्या पोटाखालचा मॉडेल नंबर वाचला, इंटरनेटवर त्या नंबराखाली जो ड्राइव्ह दिसला तो मागवला. जाडी तीच, लांबी तीच. आला, आणि आत सरकेना. त्याची मागची जोडणी नव्या पद्धतीची, चपटी. माझ्या मशीनची जुनी, रुंद, बारीक दातांची. एकाच नंबराची मशीनं कंपनीने दोन्ही तऱ्हांची काढली होती. खालचा एक स्क्रू काढून जुना ड्राइव्ह बाहेर ओढला असता तर मिनिटात कळलं असतं. तू धक्क्यावर मासा घ्यायचीस तो कल्ला उघडून, आतला लाल रंग बघून. कोळीण असून मी वरचे खवले पाहून बाजार केला. नवरा म्हणाला, "परत पाठव, चिडतेस काय?" पण मी चिडले होते, दोन दिवस सगळ्यांवर.

शेवटी त्याच दुरुस्तीवाल्याने एका भंगार लॅपटॉपमधून जुना रायटर काढून दिला. जोडणी बरोबर, पण पुढची पट्टी वेगळ्या आकाराची, कडेला बसेना. मी टेबलावर दोन्ही ड्राइव्ह शेजारी ठेवून बसले. ट्रेच्या बारीक भोकात पिन खुपसून तो बाहेर काढला, पट्टीच्या खिट्ट्या नखाने दाबल्या, माझी जुनी पट्टी उतरवून या नव्यावर चढवली. मागची पत्र्याची कडी तशीच इकडची तिकडे. स्क्रू पिळला. डिस्क घातली. चाक फिरलं, फिरलं, आणि पडद्यावर गुलाबाची फुलं उधळली गेली. त्यातून नवरा-नवरीची नावं आली. मी बारक्याला फोन लावला आणि नुसतं म्हटलं, लागली.

तू दिसलीस. मांडवात, नवऱ्याच्या पाटाशेजारी, मधोमध तू, डावीकडे तीच शेजारची मावशी, उजवीकडे बेलापूरकडची ती तुमची तिसरी धवलारीण. हिरवी साडी, अंबाड्यात आबोली. तोंड उघडून गात होतीस, गळ्याची शीर ताणलेली दिसत होती. आणि ऐकू काय येत होतं, तर सिनेमातलं गाणं. ते संपलं की दुसरं. अख्ख्या लग्नाचा खरा आवाज काढून टाकून व्हिडिओवाल्याने वर गाणी चढवली होती. मी त्याला शोधून काढलं, आता तो उलव्याला फ्लॅट विकतो. वाईट माणूस नाही. म्हणाला, "ताई, तेव्हा सगळेच असं करायचो. बाया एका सुरात गातात, लोकांना बोअर व्हायचं. गाणी नसली तर डिस्क परत आणून द्यायचे." मूळ कॅसेट? "त्याच्यावर पुढचं लग्न घेतलं की." मला त्याच्यावर ओरडायचं होतं. मी चहा पिऊन परत आले. आपल्याच माणसांनी गाणी मागितली होती, त्याला काय बोलणार.

तरी मी डिस्क रोज लावते. कपडे वाळत घालायचे राहतात, दूध उतू जातं, मी पुढे-मागे करत बसते. आणि परवा एक जागा सापडली. एक गाणं संपतं, दुसरं सुरू व्हायचंय, मधे व्हिडिओवाल्याचा हात चुकलाय. तेवढ्यात मांडवातला खरा गलका ऐकू येतो, आणि त्यात एका बाईचा आवाज अगदी जवळून: "दिवा बाजूला घे रं, पोराचे डोले दिपतान." बस. पडद्यावर त्या वेळी नवऱ्याचे हळदीने माखलेले पाय आहेत. बोलणारीचं तोंड दिसत नाही.

मी ते शंभरदा ऐकलं असेल. बोलणं तुझं आहे, पोराच्या डोळ्यांची काळजी तुझी आहे. पण मावशीही तसंच बोलायची, आणि ती तिसरीही. तिसरी कधीच गेली. मावशीच्या घरी लॅपटॉप घेऊन गेले, तिच्या कानाशी धरला. ती पडद्याकडे बघून हसली, "तुज्या आयेची ती साडी माझी व्हती." आवाजाचं विचारलं तर म्हणाली, "मना काय आयकू येतं आता? तू तिची पोर, तुला नाय समजत?"

नाही समजत, आये. मी डोळे मिटून ऐकते, वाट बघते की आत काहीतरी हलेल, आणि काही हलत नाही. एखाद्या वेळी वाटतं तूच. भांडी घासून येऊन पुन्हा लावलं की परकी वाटतेस.

उद्या बारक्याची हळद आहे. काल तो तुकडा ऐकायला आला. एकदाच ऐकला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, धवला नसला तरी चालेल, हेच लावू, मला हळद लावताना. मांडवात तुझ्या वयाच्या, तुला ऐकलेल्या बाया असतील, एखादी उठून म्हणाली की ही ती नव्हेच, तर मी कुठं बघू? हे तुला लिहून काय उपयोग, तू वाचणार नाहीस आणि मी हे कुणाच्या हाती देणार नाही. पण त्याने डोळे पुसून मला विचारलं होतं, "आयेच ना गो, ताय?"

मी लगेच हो म्हणाले.