काळी एकमधली घंटा

घोडेगाव, ता. नेवासे
१० फेब्रुवारी १९७१, बुधवार

चि. भीमाबाई हिस सहादेवदादाचे अनेक आशीर्वाद.

भीमे, आपल्या मोऱ्या बैलाच्या गळ्यातली घंटा तुला आठवते का गं? शाळा सुटल्यावर वडील ओढ्याजवळ गाडी थांबवायचे, आपण मागे पाय सोडून बसायचो, आणि मोऱ्या चालू लागला की त्या घंटेच्या सुरात सूर मिळवून तू आणि मी गुरुजींची कविता म्हणायचो. कुठल्या पुस्तकात नव्हती ती. गुरुजींनी स्वतःच रचलेली. 'पाणी गेले ओढ्यामधुनी, वड म्हणाला सांगून जा.' पुढच्या ओळी तुला येत असतील, माझ्या गळून गेल्या. घंटेचा आवाज मात्र अजून डोक्यात जसाच्या तसा आहे. एक ठोका, आणि मग लांबत जाणारी त्याची शेपटी, पार घराचा दरवाजा येईपर्यंत.

इकडे सर्व खुशाल आहे. गहू दाण्यावर आला. राधाकृष्ण कारखान्याच्या कामावर आहे, रविवारी येतो. सून साळूबाई घर आणि मळा दोन्ही ओढते, आणि वर मलाही. खर्ड्याला थंडी असेल, गुडघ्यांना शेक देत जा. नातू बाळसं धरतो आहे ना?

तुझ्या पत्राप्रमाणे कानाचं यंत्र घेतलं. आणि उद्या सकाळच्या यष्टीने ते परत द्यायला नगरला निघालो आहे. दुकानदाराने आठ दिवसांची मुदत दिली होती, पटलं नाही तर पैसे परत म्हणाला होता. उद्या आठ दिवस भरतात. तुला आधी कळवावं म्हणून हे लिहितो.

तू रागावशील. पण यंत्र म्हणजे काही चष्मा नव्हे. ही एवढी डबी, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायची, तिची वायर गळ्याजवळून वर कानातल्या बोंडापर्यंत. सदरा घासला की कानात वादळ. सेल घालायचे, संपले की नगरची वारी. वाकलो की डबी बाहेर. छातीला टोचते ते वेगळंच.

तरी घेतलं कसं ते सांगतो, म्हणजे हसशील तरी.

पैशासाठी तांबडी कालवड विकली. बाजारात गेलो तो मी एकटाच. राधाकृष्ण म्हणाला होता, आबा तुम्हाला ऐकू येत नाही, मी येतो. मी म्हटलं, बाजारात ऐकायचं असतं काय? आपल्याकडे सौदा उपरण्याखाली बोटांनी होतो, तुला माहीतच आहे. दलालाने माझी बोटं दाबली, मी त्याची दाबली, तो डोळे मोठे करून नाही म्हणाला, मी कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला आणि एक बोट सोडून दिलं. झाला व्यवहार. सगळ्या गावात तेवढ्या एका जागी मी बहिरा नव्हतो.

त्या गुर्मीतच नगरला गेलो. साळूबाई बरोबर होती. दुकानदाराने दोन यंत्रं काढली, एक स्वस्तातलं, एक महागातलं. स्वस्तातलं माझ्या कानात घालून मागे जाऊन म्हणाला, "आजोबा, बसा." मी बसलो. "उठा." उठलो. तो खूश. म्हणाला, घरात बोलायला-चालायला हे पुष्कळ झालं.

मी पिशवीतून मोऱ्याची घंटा काढली आणि वाजवली.

आख्खं दुकान वळून बघायला लागलं. साळूबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "आबा, मानसं घंटेवानी बोलत न्हाईत." मी म्हटलं, माणसांचं बोलणं मला ओठांवरून कळतं गं, हे कळत नाही. स्वस्तातल्या यंत्रात घंटेचा नुसता ठोका येत होता, पत्र्यावर खडा पडावा तसा. महागातलं घातलं, पुन्हा वाजवली, आणि भीमे, शेपटी आली. सगळी नाही. पण ओढ्यापासून वाटेतल्या चिंचेपर्यंत तरी आली. मी तिथेच डोळे मिटून उभा राहिलो.

मग दुकानदाराने किंमत सांगितली. मी सवयीने उपरणं पुढे करून त्याखाली हात दिला. तो बिचारा घाबरला. "काय होतंय आजोबा, हात दुखतोय का?" साळूबाईला हसू आवरेना. हसता हसताच तिने कमरेची पिशवी सोडली आणि कालवडीच्या पैशांत कमी पडले तेवढे मोजून टाकले. कोंबड्यांचे होते, लुगड्यासाठी ठेवलेले. मी नको म्हणायच्या आत म्हणाली, "असू द्या. लुगडं काय, येका सनाचं दुसऱ्या सनाला."

आता तू म्हणशील, दादा, एवढं सगळं झालं तर डबी टोचते म्हणून परत कशाला देतोस?

गेल्या शनिवारी एकादशी होती. मारुतीच्या देवळात आमचं भजन असतं. पहिला अभंग मी धरायचा ही पद्धत तुला ठाऊक आहे, चाळीस वर्षं झाली असतील तिला. यंत्र लावून प्रथमच बसलो. टाळ सुरू झाले ते आधी पितळी ताटं सांडावीत तसे वाटले. कळ फिरवून आवाज कमी केला. मग पेटी लागली, छगन वाजवत होता, तो सायकलवाला. पेटी ऐकू आली आणि माझ्या अंगावर काटा आला बघ. अभंग उचलला.

आणि माझ्या अगदी जवळ कुणीतरी बेसूर गात होतं.

थोडंथोडकं नव्हे. सूर खाली घसरत होता, ओल्या भिंतीवरून पाय घसरावा तसा, आणि गाणाऱ्याला पत्ताच नव्हता. मला रागच आला. म्हटलं, एकादशीच्या दिवशी हा कोण आणून बसवला? थांबलो आणि डाव्या हाताला वळून पाहिलं. तो आवाजही थांबला. पुन्हा ओळ धरली. पुन्हा तो शेजारी हजर.

तिसऱ्यांदा मी वळून पाहिलं नाही.

मग छगनच्या बोटांकडे बघत राहिलो. मी घसरलो की तो आपली पट्टी सोडून माझ्यामागे खाली यायचा. तिथून घसरलो की आणखी खाली. भजनात पेटीने सूर धरायचा असतो आणि गाणाऱ्याने तिच्यामागून जायचं असतं. आमच्या देवळात पेटी माझ्यामागे धावत होती, दावं तुटलेल्या वासरामागे माणूस धावतो तशी. आणि टाळकरी माना डोलवत होते. नेहमीसारखेच.

छगनने विचारलं, "सहादेवआबा, आज लवकर थांबलात?" म्हटलं, सेल संपला.

घरी येऊन चुलीपुढे बसलो. साळूबाई भाकरी थापत होती. विचारलं, "माझा सूर कधीपासून गेलाय गं?"

"कोन म्हनतं?"

"यंत्र म्हणतं."

"मंग त्यालाच इचारा की." भाकरी उलटली, पुन्हा उलटली, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लई दिस झालं आबा. पर गाताना तुमचं तोंड असं उजाडल्यावानी हुतं, सांगायला कुनाची जीभच रेटंना. पुंजाबापूंनी मग बोटं दुखत्यात म्हून पेटी सोडली. त्यांची बोटं दुखत्यात व्हय? रोज वट्यावर बसून सुतळी वळत्यात."

पुंजाराम तुला आठवत असेल. माझ्या बरोबरीचा, दोन आळ्या टाकून खालच्या आळीत घर. आपली घंटा त्यानेच त्याच्या पेटीवर शोधली होती, पहिल्याच काळ्या पट्टीवर बरोबर बसली, आणि तेव्हापासून माझा सूर काळी एक ठरला. मी गायचो, तो वाजवायचा. दोन वर्षांमागे एके दिवशी आला, दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "सहादू, बोटं आखडली रं." मी त्याला ओव्याच्या तेलाने चोळायला सांगितलं. रोज विचारायचो, उतरलं का दुखणं? हळूहळू तो वाट बदलून जायला लागला. माझ्यामागे घसरत जाणं त्याच्याने होईना, आणि मला सांगणंही होईना. सांगून जा म्हणणारा वड मी होतो, आणि मलाच ऐकू येत नव्हतं.

भीमे, एक विचारू? नातवाच्या बारशाला तुझ्या ओसरीवर मी पाळणा म्हटला. सगळ्यांनी वाहवा केली, आणि तू पदर डोळ्यांना लावून आत गेलीस. मी येताना गाडीत सगळी वाट त्याच आनंदात होतो, की माझ्या बहिणीला माझ्या गाण्याने भरून आलं. मग आठ दिवसांनी तुझं पत्र आलं: दादा, काहीही कर, पण कानाचं यंत्र घे.

आता उत्तर लिहू नकोस. मला कळलं. आपण एका घंटेवर सूर धरायला शिकलो, तुला तर पहिल्याच ओळीला कळलं असणार.

तेव्हा खरं सांगायचं तर डबी टोचत नाही. सदरा घासतो त्याचीही सवय झाली. यंत्र काढून ठेवलं की माझ्या डोक्यात मी अजून काळी एकमध्ये गातो, भरल्या गळ्याने, पुंजाराम माझ्या उजव्या हाताला आणि मोऱ्या पुढे. एवढं गाणं माझ्याजवळ शिल्लक आहे. यंत्र लावलं की ते जातं, आणि त्या जागी तो शेजारचा म्हातारा येऊन बसतो. उद्या परत देऊन आलो तर कुणाला काही समजणार नाही. भजन पूर्वीसारखं चालेल. छगन धावेल, टाळकरी डोलतील, साळूबाईचं लुगडं होईल. असं सगळं ठरवून पिशवी भरून ठेवली आहे.

पण हेही लिहितो, नाहीतर मनात राहील. आज सकाळी यंत्र कानात होतं. साळूबाई जात्यावर बसली होती आणि ओवी म्हणत होती. वीस वर्षं ती या घरात दळते आहे, आणि मला वाटत आलं होतं की ती मुक्यानेच दळते. बारीक आवाज, पण काय सुरात! जात्याची घरघर खाली आणि ही वर, कुठे हलत नाही. दारातून ऐकत राहिलो. तिने पाहिलं आणि गप्प झाली. म्हटलं, म्हण गं. तर म्हणाली, "तुमच्यापुढं? तुमी गानारे."

मग मळ्याला निघाली ती खालच्या आळीने. ती वाट लांबची पडते, म्हणून मी हाक मारली, तर ऐकू न आल्यासारखं केलं. आमच्या घरात आता ते काम तिने घेतलेलं दिसतं.

थांब. दाराची कडी वाजते आहे.

घरात दुसरं कुणी नाही. म्हणजे ही कडी माझी मीच ऐकली.

भीमे, दारात पुंजाराम आहे. दोन वर्षांनी. डोक्यावर पेटी, ती जुन्या धोतरात बांधलेली, आणि चालून दम लागलेला. साळूबाई त्याच आळीने का गेली ते आता उमगलं. उंबऱ्याबाहेरूनच हात पुढे करून त्याने बोटं उघडमीट करून दाखवली. म्हणाला, "सहादू, बोटं बरी झाली."

मी म्हटलं, "माझे कानबी."

मग त्याने पेटी ओसरीवर टेकवली, फडकं सोडलं, भाता हलवून पाहिला आणि खाली बघत विचारलं, "कंची पट्टी धरू?" मी खुंटीवरची घंटा काढून वाजवली, ती विझेपर्यंत दोघांनी ऐकली, आणि मग म्हटलं, "तिथवर आता माझा गळा पोचायचा न्हाई. तुला बरी वाटंल ती खालची धर, आणि सोडू नको. मी चुकलो तरी सोडू नको. या खेपेला तुझ्यामागं मी येतो."

तो चूळ भरायला गेला आहे तेवढ्यात हे चार शब्द लिहून घेतो. पिशवी रिकामी केली. उद्याची यष्टी माझ्यावाचून जाईल. शिमग्याला तुझ्याकडे येईन तेव्हा पाळण्याजवळ पुन्हा बसव मला. गाईन, आणि घसरलो तर या खेपेला आत जाऊ नकोस, तिथेच बसून सांग. मला ऐकू येईल.

पुंजारामाने पट्टी धरली आहे. जातो.

मागून येणारा,
तुझा दादा
सहादेव