तांड्यामागचा नाला

याडी, आज मी भर बैठकीत टेबलावर हात आपटला. इतक्या जोरात, की नगरपालिकेच्या साहेबांच्या कपातला चहा बशीत सांडला आणि दाराशी बसलेल्या तांड्यावरच्या बाया दचकून उभ्या राहिल्या. तू असतीस तर माझा दंड धरून मला खाली बसवलं असतंस. चार लोकांत बाईमाणसानं आवाज चढवलेला तुला कधी आवडला नाही, आणि आई म्हणून तुझी हीच एक गोष्ट मला कायम खटकत आली. पण तू नाहीस. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि माझं सकाळी तापलेलं डोकं दुपार कलली तरी उतरत नाही. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एकटीच बसले आहे. परीक्षा संपल्या, सगळे आपापल्या घरी गेले. समोर विद्यापीठाच्या सर्व्हेच्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा उरलाय, त्यांच्याच मागच्या बाजूला हे लिहिते आहे.

तुझा नाला बुजवला, याडी. तांड्यामागचा, जिथे मोहाची तीन झाडं होती आणि जिथून पाणी उतरत जाऊन खाली गावच्या नदीला मिळायचं, तोच. दिवाळीनंतर टिप्पर सुरू झाले. मुरूम, पाडलेल्या घरांचा मलबा, रस्त्याचं उखडलेलं डांबर, जे हाती लागेल ते आणून ओतलं आणि वरून रोलर फिरवला. मोहाचं एकच झाड राहिलंय, तेही कमानीला आडवं येत नाही म्हणून. आता तिथे लेआउट पडलंय. चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब, आणि कमानीवर नाव कोणाचं, तर नदीचं! आधी नदीचा गळा दाबायचा आणि मग तिचंच नाव रंगवायचं, इतका कोडगेपणा आपल्याच गावाला जमतो. या उन्हाळ्यात तांड्यावर प्यायला पाणी नाही. बाया सकाळपासून डांबरी रस्त्याच्या कडेला रिकामी भांडी मांडून टँकरची वाट पाहतात. टँकर कधी येतो, कधी येत नाही.

तुझा आणि माझा त्या नाल्यातला एक दिवस मी कोणालाच सांगितलेला नाही. मी पाचवीत होते. गावातल्या शाळेत घातलं होतंस मला, वर्गातल्या मुली नळाच्या पाण्याच्या. बाईंनी विचारलं, तुमच्याकडे पाणी कुठून येतं? मी म्हणाले, आमच्याकडे काही नाही, एक कोरडा नाला आहे. घरी येऊन हे मी तुला मोठ्या तोऱ्यात सांगते आहे, आणि तू भाकर थापता थापता थांबतेस. तव्यावरची भाकर तशीच राहते. चुलीतली लाकडं मागे ओढतेस, पिठाच्या हातानंच लोटा उचलतेस, माझं मनगट धरतेस आणि मला फरफटत नाल्यात नेतेस. वैशाखाचं ऊन. वाळू पायांना चटके देते. तू म्हणतेस, ‘खन.’ कुदळ नाही, खुरपं नाही, नुसते हात. मी रडत रडत वाळू उकरते. वरची पांढरी वाळू सरते, खाली करडी लागते, मग थंड लागते. कोपरापर्यंत हात आत गेल्यावर बोटांभोवती ओल जमते, आणि बघता बघता खड्ड्याच्या तळाशी पाणी चढायला लागतं. तू ते तीन वेळा उपसून फेकतेस, कारण पहिलं पाणी गढूळ असतं. चौथ्यांदा लोटा भरून माझ्या तोंडाला लावतेस.

‘पानी निजलं हाये, मेलं नाई,’ तू म्हणालीस. ‘उन्हाळ्यात ते खाली जाऊन निजते. निजलेल्याले मेलेलं म्हनशीन त पाप लागीन तुले.’ खरं म्हणजे तू हे आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलली होतीस. माझीच गोरबोली आता अडखळते, म्हणून असं लिहिते. तू रागावून पाठ फिरवलीस आणि घरापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. करपलेली भाकर त्या दिवशी तूच खाल्लीस.

तर हा झिरा, वाळूतला हाताएवढा खड्डा, यावर अख्खा तांडा उन्हाळा काढायचा. श्रावणात तिजेला पोरी याच नाल्यातलं पाणी नेऊन टोपल्यांतल्या गव्हाला घालायच्या, आणि नऊ दिवसांनी ते हिरवे कोंब याच पाण्यात सोडायच्या. मीही सोडलेत. भूगोलाचं पुस्तक हातात पडायच्या आधीपासून मला ठाऊक होतं की नदी म्हणजे घाटावर दिसतं तेवढंच पाणी नव्हे. नदी म्हणजे तिला मिळणारे सगळे ओहोळ, सगळे नाले आणि त्यांच्या पोटातलं निजलेलं पाणी. आज मी हेच पोरांना फळ्यावर काढून शिकवते आणि त्याचा पगार घेते.

दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाची माणसं आली, गावची नदी वाचवायची म्हणून. विद्यापीठ आणि गाव यांची भागीदारी, असं त्यांनी नाव दिलं. मला गावच्या बाजूनं समन्वयक केलं, कारण मी तांड्यातली, शिकलेली आणि दोन्हीकडच्या लोकांशी बोलू शकणारी. भागीदारी तुलाही माहीत होती. तू बटईनं शेत करायचीस, तेव्हा शेताचा मालक पेरणीलाही यायचा आणि मळणीलाही खळ्यावर उभा राहायचा, भले तुझ्यावर डोळा ठेवायला का होईना. ही भागीदारी निराळी. विद्यापीठ शंभर मैलांवर, तिथून ईमेल यायचे, आणि इथे आम्ही पळायचो. उंटावरून शेळ्या हाकणं मी ऐकून होते, या वेळी शेळ्यांमध्ये मीच होते. गेल्या उन्हाळ्यात सर्व्हे झाला. नदीला मिळणारा प्रत्येक नाला पाहायचा, फॉर्म भरायचा, मग नकाशा निघणार, आणि नकाशात जो नाला निळ्या रेघेनं येईल त्याला कोणी हात लावायचा नाही, असं नगरपालिकेनं लिहून दिलं होतं. वाईट काय होतं यात? काहीच नव्हतं. माझाही तेव्हा ऊर भरून आला होता.

मग उद्घाटन ठरलं. पोळा होऊन गेलेला, तीज सरून महिना झालेला, आणि विद्यापीठातले मोठे सर फोनवर म्हणतात, ‘मॅडम, तुमच्या समाजाचा तो गव्हाच्या टोपल्यांचा कार्यक्रम घाटावर ठेवता येईल का? फोटो छान येतील.’ मी म्हणायला हवं होतं, सर, तुमची दिवाळी आम्ही कधी भाद्रपदात मागितली का? पण तसं म्हणाले नाही. मी तांड्यावर गेले. तुझी मैत्रीण, आपल्या शेजारची काकी, ती अजून आहे, कमरेत वाकली पण जिभेला धार तीच. ती म्हणाली, ‘अवो, अवेळी तीज कोन करते? देव हासतीन आपल्याले.’ मग तिनेच विचारलं, ‘आमचा नाला बी येईन का त्या नकाशात?’ मी म्हटलं, ‘येईन काकी, काहून नाई येईन?’ तेवढ्या शब्दावर बाया तयार झाल्या. फेटिया-कांचळी नेसून घाटाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या, रोपवाटिकेतून आणलेले प्लास्टिकच्या ट्रेमधले कोंब हातात धरून. फोटो छान आले. विद्यापीठाच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर काकी आहे, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नाही हे त्यांच्यापैकी कोणाला दिसलंसुद्धा नाही.

टिप्पर आले तेव्हा काकीनेच फोन केला. मी धावले, अर्ज लिहिला, बायांचे अंगठे घेतले, नगरपालिकेत दिला, विद्यापीठात पाठवला. साहेब म्हणाले पाहू. सर म्हणाले लक्ष घालतो. पाहता पाहता रोलर फिरून गेला, आणि मग ही आजची बैठक, वरातीमागून घोडं. साहेबांनी काय केलं सांगू? विद्यापीठाचंच सर्व्हेचं पुस्तक उघडलं आणि शांतपणे वाचून दाखवलं. तांड्यामागचा नाला, पाणी: नाही, शेरा: कोरडा. म्हणाले, ‘मॅडम, आम्ही तर तुमच्याच सर्व्हेवर चाललो. नकाशात हा नाला नाही. मग आम्ही बुजवणाऱ्याले कायले अडवायचं होतं?’

तेव्हा मी टेबलावर हात आपटला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. नगरपालिकेला म्हटलं, तुमच्या चोराच्या उलट्या बोंबा आहेत, लेआउटवाल्याशी तुमचं काय आहे ते अख्ख्या गावाला माहीत आहे. विद्यापीठातून आलेल्या सरांकडे वळून म्हटलं, तुमची शहरातली पोरं गाडीच्या काचा खाली न करता सर्व्हे करतात, त्यांना वाळू आणि पाणी यातला फरक कळत नाही, आणि त्यांच्या एका शब्दावर माझा तांडा तहानेनं मरतो आहे. सरांनी मान खाली घातली. विद्यार्थ्यांच्या वतीनं माफी मागितली. बायांकडे बघून हात जोडले. त्या भल्या माणसानं फॉर्म कोणी भरला होता ते उलटून पाहिलंसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर काकीनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. ‘तू बोलली म्हनून जीव थंड झाला पोरी,’ म्हणाली. ‘आमच्याकून दुसरं कोन बोलून राह्यलं? तुही माय असती त आज तिले बरं वाटलं असतं.’ मी हात सोडवून घेतला आणि कॉलेजला निघून आले. तेव्हापासून इथे बसून तुला लिहिते आहे, आणि इतकी पानं सगळ्यांवर राग काढूनही तो संपत नाही, कारण ज्या माणसावर काढायला हवा ते माणूस अजून यात आलंच नाही.

तो फॉर्म मी भरला होता, याडी. गेल्या वैशाखात. माझ्याबरोबर विद्यापीठाची चार पोरं होती, चांगली पोरं, पायी फिरणारी, एकानेही तक्रार केली नाही. ती मोहाखाली सावलीला थांबली आणि मी एकटी नाल्यात उतरले, कारण काकी तिथे झिरा उपसत बसली होती. माझ्यासमोर तिनं तीन वेळा पाणी उपसून फेकलं, चौथ्यांदा लोटा भरून मला दिला. मी पोरांकडे पाठ केली आणि प्यायले. त्यांच्या हातात बाटल्या होत्या. आपली माणसं वाळूत खड्डा करून पाणी पितात हे त्यांना दाखवायची मला लाज वाटली, तीच पाचवीतली लाज, इतकी शिकले तरी अंगातून न गेलेली. ओढणीनं तोंड पुसलं, वर आले, एकीनं विचारलं, ‘मॅडम, पाणी आहे?’ आणि मी म्हटलं, ‘नाही गं, कोरडा आहे.’ फॉर्मवर खूण केली, शेरा लिहिला, सही केली. काकीला नकाशाचं वचन दिलं तेव्हाही मला हे आठवत होतं. म्हटलं, जाऊन दुरुस्त करून टाकू. केलं नाही.

चूक केली तर माणूस कबूल करतो. मी आज भर सभेत ती चूक त्या चार पोरांच्या माथी मारली, आणि तांडा मला आपली म्हणतो आहे. उद्या काकीकडे जायचं आहे. जाईन की नाही, ठाऊक नाही. हा कागद उलटला की मागे पाण्याचा तोच प्रश्न छापलेला आहे आणि पुढे ‘आहे’, ‘नाही’ असे दोन रिकामे चौकोन आहेत.

तो लोटा मी सगळा प्यायले होते, याडी. पाणी गोड होतं.